सुपरहिरोचा स्वभाव लेखक बदलला की बदलतो, मग खरा कुठला धरायचा?

गंगापूररोडची_आत्या

नमस्कार मंडळी, प्रश्न माझ्या भाच्याचा आहे पण आठवडा झाला माझ्याच डोक्यात घोळतोय म्हणून इथे टाकतेय.

भाचा आठवीत आहे, दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे नाशिकला आला होता. बॅटमॅनवर त्याचा भयंकर जीव. मी त्याच्यासाठी बॅटमॅनच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींचं एक जाडजूड पुस्तक मागवून ठेवलं होतं, १९३९-४० सालच्या गोष्टी, म्हटलं मुळापासून वाचू दे. दुपारी जेवणं झाल्यावर झोपाळ्यावर वाचत बसला होता आणि अर्ध्या तासात पुस्तक तसंच उघडं धरून स्वयंपाकघरात आला, तोंड एवढंसं झालेलं. म्हणाला आत्या, हा बॅटमॅन खोटाय.

बघितलं तर १९४० सालच्या बॅटमॅनच्या पहिल्या अंकातली ती गोष्ट, ज्यात ह्यूगो स्ट्रेंज माणसांचे राक्षस करून ट्रकमधून शहरात सोडतो. बॅटमॅन विमानातून त्या ट्रकवर मशिनगन चालवतोय. आणि पुढे एका राक्षसाच्या गळ्यात दोर अडकवून त्याला विमानाला लटकावलाय, मरेपर्यंत. भाच्याला माहीत असलेला बॅटमॅन बंदुकीला हात लावत नाही, कुणाला जिवे मारत नाही, जोकरलासुद्धा नाही. मी म्हटलं अरे तेव्हा लिहिणारे वेगळे होते. तर म्हणतो लिहिणारा वेगळा म्हणून माणूस कसा वेगळा होईल, बाबांनी नोकरी बदलली म्हणून बाबा बदलले का?

मला उत्तर देता आलं नाही खरंच. ८०-८५ वर्षं शेकडो लोक एकच पात्र लिहितायत, चितारतायत, मग त्या पात्राचा म्हणून स्वभाव असा काही असतो का? आणि काही बदल आपल्याला एकदम पटतात आणि काहींचा संताप येतो, हे कशावरून ठरतं? भाच्याला फोनवर सांगता येईल असं काहीतरी द्या.

---

रात्रपाळी_सातपूर

ताई, आधी भाच्याला शाबासकी द्या, त्यानं अगदी नेमकं बोट ठेवलंय.

बॅटमॅन पहिल्यांदा आला मे १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स अंक २७ मध्ये, बिल फिंगर आणि बॉब केन या दोघांचा, आणि त्या पहिल्या गोष्टीत आईवडिलांचा खून वगैरे काही नाहीच. एक श्रीमंत, वरवर आळशी वाटणारा तरुण रात्री वटवाघळाचा वेष करून फिरतो एवढंच आहे. गल्लीतला तो खून, ते मेणबत्तीपुढे शपथ घेणारं पोरगं, हे आलं अंक ३३ मध्ये म्हणजे सहा महिन्यांनी. आपण ज्याला पाया म्हणतो तो इमारत उभी राहिल्यावर घातलाय. आणि बंदूक न वापरायचा, जीव न घ्यायचा नियम तर त्याच्याही नंतरचा, तो बॅटमॅनच्या मनातून आलेला नाही, ऑफिसातून आलाय. भाच्यानं बघितली ती मशिनगनची गोष्ट छापून आल्यावर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी सांगितलं की यापुढे ह्याच्या हातात बंदूक नको आणि खूनही नको. तोपर्यंत बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार रॉबिनही आला होता, मुलं वाचतात हे सगळ्यांना दिसत होतं.

आता पुढच्या लेखकांनी काय केलं बघा. त्यांनी त्या ऑफिसच्या नियमाला कारण शोधलं, की ज्याचे आईबाप डोळ्यांसमोर गोळी लागून गेले तो पिस्तूल हातात घेईलच कसा. नियम आधी, जखम त्याला मागून जोडली. मी वेल्डिंगच्या लाइनला आहे, आमच्याकडे जोड नीट बसला आणि वरून ग्राइंडिंग झालं की बोट फिरवून सांधा सापडत नाही. हा जोड तसा बसलाय. म्हणून आज तुमच्या भाच्याला मूळचा बॅटमॅन खोटा वाटतो आणि नंतर घडवलेला खरा, आणि माझ्या मते त्याचं बरोबर आहे.

माझा स्वतःचा जीव डेअरडेव्हिलवर. १९६४ ला स्टॅन ली आणि बिल एव्हरेटनं काढला तेव्हा तो उड्या मारत विनोद करणारा गडी होता, मध्यंतरी तर मॅट मर्डॉक (डेअरडेव्हिलचं खरं नाव) स्वतःचाच जुळा भाऊ म्हणून माइक नावानं वावरतो, लोकांना फसवायला. पुढे खप इतका पडला की अंक दोन महिन्यांतून एकदा निघायचा. त्यात १९७९ ला फ्रँक मिलर आधी चित्रकार म्हणून आला, १९८१ पासून लिहायलाही लागला आणि त्यानं काय केलं तर नवीन काही बाहेरून आणून लादलं नाही, समोर होतं तेच नीट बघितलं. आंधळा आहे, बॉक्सर बापाला मारलंय, दिवसा वकील म्हणून कायद्याची बाजू मांडतो आणि रात्री लोकांना बडवतो, असा माणूस आतून किती फाटलेला असेल. स्पायडरमॅनच्या गोष्टींतला गुंडांचा म्होरक्या किंगपिन उचलून इकडे आणला, मॅटची जुनी प्रेयसी आणि आता मारेकरी झालेली एलेक्ट्रा आणली, मॅटची कॅथलिक श्रद्धा आणि अपराधीपणा पुढे आणला. मग पुढची २५-३० वर्षं प्रत्येक जण त्याला अजून अजून अंधारात ढकलत गेला, इतकं की वाचताना श्वास कोंडायचा. आणि २०११ ला मार्क वेड आला आणि मॅट परत हसायला लागला. पण ते १९६४ चं हसू नाही बरं का! इतकं सगळं सोसल्यावर, आता हसूनच जगायचं असं ठरवलेल्या माणसाचं ते हसू आहे आणि त्याचा जिवलग मित्र फॉगी त्याच्याकडे काळजीनं बघतोय. मागचं काहीही न पुसता स्वभाव उलटा केला. मी ते रात्रपाळीच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून वाचलं होतं आणि चहा गार झाला होता.

---

रेषा_आणि_शाई

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त एक गोष्ट राहतेय. सगळे लेखक लेखक म्हणतायत, पण कॉमिकमध्ये निम्मा स्वभाव चित्रकार ठरवतो हो. मी चित्रकलेचे क्लास घेते, मुलांना हे दाखवायला माझ्याकडे एक हुकमी उदाहरण आहे, ते म्हणजे स्पायडरमॅन.

सुरुवातीचा चित्रकार स्टीव्ह डिटको, त्याचा पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅनच्या मुखवट्याआडचा पोरगा, बघा. खांदे पडलेले, मान खाली, पॅनलच्या (चित्राच्या चौकटीच्या) कोपऱ्यात उभा, इतर पोरं मधे घोळका करून आणि हा कडेला. बोटंसुद्धा विचित्र वाकलेली, सगळं शरीर अवघडलेलं. मग फेब्रुवारी १९६६ चा अंक ३३ घ्या. त्याच्या अंगावर अवाढव्य यंत्र कोसळलंय, वरून पाणी गळतंय, त्याला वाढवणाऱ्या मे काकूंचं औषध समोर पडलंय पण हात पोचत नाही. डिटको ते उचलणं एका चित्रात उरकत नाही, पानामागून पान नुसता प्रयत्न चाललाय. पॅनल आधी अरुंद, कोंडलेले, मग हळूहळू मोठे होत जातात आणि शेवटी पूर्ण पानभर तो ते यंत्र वर उचलतो. चिकाटी हा पीटरचा स्वभाव त्या पानांत तयार झालाय, संवाद झाकून बघितलं तरी कळतं. त्यातून मार्वल या प्रकाशकाची तेव्हाची पद्धतच अशी की चित्रकार थोडक्यात कथानक ठरवून पानं काढायचा आणि संवाद त्यावर नंतर बसवले जायचे, आणि त्या काळात तर कथानकाचं श्रेयही डिटकोला छापून मिळत होतं.

अंक ३८ नंतर डिटको सोडून गेला आणि जॉन रोमिता आला. रोमितानं सुरुवातीला डिटकोसारखंच काढायचा प्रयत्न केला, पण त्याचा हात प्रेमकथांच्या कॉमिक्समध्ये तयार झालेला. हात खोटं बोलत नाही. काही महिन्यांत पीटर ताठ उभा राहायला लागला, देखणा झाला, त्याला मित्र मिळाले, पुढे त्याची बायको झालेल्या मेरी जेनचा चेहरा दिसला तोही रोमिताच्या हातचा. स्टॅन लीचं नाव आधीही होतं, नंतरही होतं, तरी पोरगा बदलला. एकटा, चिडका मुलगा जाऊन कॉलेजात रुळलेला मुलगा आला. आता याला लेखक बदलला कसं म्हणणार?

आणि बॅटमॅनच्या घरचा बटलर आल्फ्रेड! १९४३ ला आला तेव्हा तो जाडा, धांदरट, हौशी डिटेक्टिव्हगिरी करणारा गडी होता, हसवायला ठेवलेला. त्याच साली बॅटमॅनची चित्रपटमालिका निघाली, तिच्यात आल्फ्रेड झालेला नट सडपातळ, मिशीवाला. झालं, कॉमिकमध्ये आल्फ्रेड वजन कमी करायला जातो आणि बारीक होऊन, मिशी ठेवून परत येतो. शरीर बदललं तसा भारदस्तपणा आला, आणि त्या भारदस्तपणातून पुढे तो बापाच्या जागी बसला. जाड्या आल्फ्रेडनं ब्रूसला (म्हणजे बॅटमॅनला) रात्री दोन वाजता जखमा शिवून खडसावलं असतं तर आपल्याला ते तसं वाटलं असतं का, मला नाही वाटत.

---

देवळालीचे_काका

आत्याबाई, मी जुन्या पिढीतला, त्यामुळे माझा सुपरहिरो म्हणजे वेताळ, इंग्रजीतला फँटम. आमच्या लहानपणी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून यायची, १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली. नाशिकरोडला आमच्या क्वार्टरमध्ये एक अंक आला की तो दहा घरं फिरून परत यायचा, कव्हर सुटलेलं असायचं.

तुम्ही म्हणता शेकडो लेखकांमुळे स्वभाव बदलतो. वेताळाचं उलट आहे, ली फॉक यांनी १९३६ ला वर्तमानपत्रात ही चित्रकथा सुरू केली आणि १९९९ ला ते वारले तोपर्यंत तेच लिहीत होते. साठ वर्षांच्या वर एकच हात. चित्रकार मात्र बदलले, रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी. म्हणून वेताळ कधी परका वाटला नाही. पण मी नंतर सुरुवातीच्या पट्ट्या वाचल्या तेव्हा चकित झालो. फॉक यांच्या मनात आधी वेताळ म्हणजे जिमी वेल्स नावाचा शहरातला श्रीमंत ऐदी तरुण होता. पहिली गोष्ट चालू असतानाच त्यांनी तो विचार सोडून दिला आणि चारशे वर्षांची परंपरा, कवटीची गुहा, जंगल हे सगळं आणलं. म्हणजे लेखक एकच असला तरी त्यालाही पात्र हळूहळूच कळत जातं. आणि भारतात येताना तर वेताळाच्या देशाचं बेंगाला हे नाव डेंकाली झालं, आम्ही डेंकालीच खरं मानून वाढलो, आजही मानतो.

भाच्याच्या बाबांच्या उदाहरणाबद्दल. माझे वडील प्रेसमध्ये होते, नोटांच्या. घरी अबोल माणूस, आम्ही चार भावंडं त्यांना घाबरून असायचो. त्यांच्या तेराव्याला प्रेसमधले जुने सहकारी आले होते, त्यातला एक जण सांगायला लागला की अण्णा जेवणाच्या सुट्टीत नकला करायचे, सुपरवायझरची नक्कल बघायला दुसऱ्या खात्यातली माणसं यायची. आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्या दिवशी मला कुणी म्हणालं असतं की तो अण्णा खोटा, तर मी ऐकून घेतलं नसतं.

---

स्टेशनवाडीचा_नागराज

काका, प्रतिसाद दोनदा वाचला. आईलाही वाचून दाखवला.

आपल्याकडचं उदाहरण कुणी देत नाहीये म्हणून मी देतो. राज कॉमिक्स. हिंदी होती पण आम्ही सगळी पोरं तीच वाचून हिंदी शिकलो, भाड्यानं मिळायची, दिवसाला एक रुपया आणि दुकानवाला पान दुमडलं तर परत करताना बोट ठेवून दाखवायचा.

नागराज १९८६ ला आला, पहिली गोष्ट परशुराम शर्मांची आणि चित्रं प्रताप मुळीक यांची, आपले पुण्याचे. त्या पहिल्या अंकात नागराज हिरो नाहीच! प्रोफेसर नागमणीनं अतिरेक्यांना विकायला बनवलेलं हत्यार आहे तो, डोक्यात कॅप्सूल बसवलेली, मालक सांगेल तिकडे जायचं. बाबा गोरखनाथ ती कॅप्सूल काढतात तेव्हा तो माणसात येतो आणि मग देशोदेशी फिरून अतिरेक्यांना संपवायचं ठरवतो. त्या वेळचा नागराज एकटा, कमी बोलणारा, घरदार नाही. नव्वदच्या दशकात अनुपम सिन्हांकडे तो गेला आणि त्यांनी त्याला महानगरात ठेवला, राज नावानं नोकरी करणारा साधा माणूस म्हणून दुसरी ओळख दिली, जवळची माणसं दिली. काही जुने वाचक चिडले होते की फिरता नागराज गेला. मला मात्र आवडलं कारण ज्याला वस्तू म्हणून विकायला काढलं होतं त्याला एक घर मिळालं ना शेवटी.

आणि याच्या शेजारी ध्रुव ठेवून बघा. सुपर कमांडो ध्रुव १९८७ पासून अनुपम सिन्हांचाच, लेखनही तेच चित्रंही तेच. सर्कसमधला मुलगा, सर्कस जळाली, आईबाप गेले, अंगात कसलीही शक्ती नाही फक्त डोकं आणि कसरत. तो पहिल्या अंकात जसा विचार करतो तसाच शंभराव्या अंकात करतो. म्हणून ध्रुववर विश्वास बसतो आणि नागराजबद्दल उत्सुकता वाटते, दोन्ही पाहिजेत असं माझं मत.

---

अंबडलिंकरोड

सगळे बदलाचं कौतुकच करतायत म्हणून मी दुसरी बाजू मांडतो, कारण मला अजून राग आहे.

पीटर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ ला झालं. वीस वर्षं ती दोघं नवराबायको होती, भांडली, भाडं थकलं, एकमेकांना सावरलं. आणि २००७ ला एका गोष्टीत पीटर मे काकूंचा जीव वाचवायला मेफिस्टोशी, सरळ सैतानाशीच, सौदा करतो आणि बदल्यात ते लग्न झालेलंच नव्हतं असं होऊन जातं. पुसून टाकलं. मार्वलच्या प्रमुख संपादकांना लग्न झालेला स्पायडरमॅन नको होता, आणि लिहिणाऱ्या स्ट्रॅझिन्स्कींना स्वतःलाच तो शेवट पटला नव्हता, त्यांनी ते उघड सांगितलंय. जबाबदारी शिकलेल्या पोराला जबाबदारीतून पळवाट काढून दिली हो. त्या पोराची अख्खी गोष्टच त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेल्या बेनकाकांच्या मरणानंतर पळवाट न काढण्याची आहे, तिथेच घाव घातला.

सातपूरवाल्या मित्राचं मागचं न पुसता हे शब्द मला म्हणूनच पटले. उत्तम उदाहरण मॅग्नेटो, एक्समेन या जन्मजात शक्ती असलेल्या सुपरहिरोंच्या टोळीचा शत्रू. १९६३ ला एक्समेनच्या पहिल्या अंकात तो नुसता ओरडणारा, जग जिंकायला निघालेला खलनायक होता, का ते कुणी विचारलं नव्हतं. क्रिस क्लेअरमॉंट १९७५ ला आले आणि १९९१ पर्यंत सलग लिहीत राहिले, त्यांनी ते विचारलं. १९८१ चा अंक १५० आहे, त्यात एक्समेनमधली किटी प्राइड ही १३ वर्षांची मुलगी मॅग्नेटोचं यंत्र बिघडवते, तो चिडून तिच्यावर वार करतो आणि ती कोसळते. तो जवळ जाऊन बघतो तर एक लहान पोर. आणि तिथे त्याला नाझींची छळछावणी आउशविट्झ आठवते, त्याचं स्वतःचं बालपण, की ज्यांनी माझ्या माणसांना मारलं त्यांच्यासारखाच मी झालो. तो लढायचंच थांबतो. आधीचा १८ वर्षांचा सगळा आरडाओरडा तसाच ठेवलाय, एक ओळ खोडली नाही, फक्त तो कुठून येत होता ते दाखवलं आणि मागचे सगळे अंक परत वाचावेसे वाटायला लागले. पुढे ग्रँट मॉरिसननं २००४ च्या सुमाराला त्याच मॅग्नेटोला माणसांना भट्टीत पाठवणारा वेडा म्हातारा केला, तेव्हा वाचक इतके दुखावले की मार्वलला नंतर तो मॅग्नेटो नव्हताच, तोतया होता असं लिहावं लागलं. वाचकांनीच हात धरला म्हणायचं. मॉरिसन फार मोठा लेखक आहे, त्याचं सुपरमॅनवरचं काम मी डोक्यावर घेतो, पण इथे चुकला.

---

गंगापूररोडची_आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री भाच्याला फोन केला. बंदुकीचा नियम ऑफिसातून आला हे सांगितल्यावर आधी गप्पच झाला, मग म्हणाला म्हणजे बॅटमॅनला पण शाळेसारखं कुणीतरी सांगितलं होतं, आणि नंतर त्याला ते स्वतःला पटलं. मी म्हटलं हो, असंच. देवळालीच्या काकांची वडिलांची आठवणही सांगितली. त्यावर काही बोलला नाही पण फोन ठेवताना विचारलं, आत्या, बाबा ऑफिसमध्ये कसे असतात ग? वहिनी सांगत होती की आज सकाळी बाबांनाच विचारत बसला होता.

आता त्याला डेअरडेव्हिल वाचायचंय. सुरुवात कुठून करू? मिलरचं १९८६ चं खूप अंगावर येणारं आहे असं ऐकलं, आठवीच्या मुलाला चालेल का?

---

रात्रपाळी_सातपूर

मिलरचं ते आत्ता नको ताई, त्यात मॅटची जुनी प्रेयसी कॅरन पेज नशेसाठी मॅटचं नाव विकते तिथूनच सुरुवात आहे, दोन-तीन वर्षांनी द्या. आधी वेडचं २०११ पासूनचं द्या, चित्रंही मोकळी आहेत, आंधळ्या माणसाला आवाजातून शहर कसं दिसतं ते काय सुंदर दाखवलंय. माझ्याकडे पहिले तीन खंड आहेत. रविवारी माझी सुट्टी असते, सकाळी कॉलेज रोडला येतो, तिथे देतो. फक्त दुसऱ्या खंडाचं बाइंडिंग सैल झालंय, मधली चार पानं सुटलीत, त्यांवर मी पेन्सिलनं आकडे घातलेत, त्या क्रमानं लावून वाचायला सांगा.